अर्ज विचाराधीन आहे

ताईंच्या राजा पार्कातल्या शेजारणीचा फोन आला, "दीदी नहीं रहीं," तेव्हा मी तिला दोनदा विचारलं, डॉक्टर आले होते का, त्यांनी तसं लिहून दिलंय का. बाई दुखावली असणार. पण वसुधाताईंच्या सहवासात पंधरा वर्षं काढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? कुणी सांगितलं म्हणून एखादी गोष्ट खरी मानायची त्यांची तयारी नसे... आणि ही गोष्ट तर मला मुळीच खरी मानायची नव्हती. हृदयविकाराचा झटका होता. लेकीचं बाळंतपण दहा दिवसांवर आलं होतं, आणि ताईंचा पासपोर्ट अजून व्हिसा कार्यालयातच पडून होता.

वसुधाताई मूळच्या नागपूरच्या, पशुवैद्य. शहराच्या टोकाला, झोटवाड्याच्या पुढे असलेल्या आमच्या फार्मसी कॉलेजात औषधांच्या चाचण्यांसाठी उंदीर, ससे ठेवतात. त्यांचे हाल होत नाहीत ना, हे बघणाऱ्या समितीवर सरकारनं ताईंना बाहेरच्या सदस्य म्हणून नेमलं होतं. मी त्या समितीचा सचिव. परमुलखात मराठी बोलणारं माणूस भेटलं म्हणून मी हरखलो, तर त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या अहवालावर सात ठिकाणी पेन्सिलीनं प्रश्नचिन्हं काढली. आणि त्याच रविवारी घरी बोलावून वडाभात वाढला! तपासणीला त्या आगाऊ सूचना न देता येत. घरून निघताना फक्त मला कळवायच्या, "मी निघाले, दाराशी ये, बस्स." रहदारीतून पोचायला त्यांना तासभर लागे. तेवढ्यात मी प्राणीगृहात फोन करून टाकायचो. पाहुणे येण्याआधी घर आवरावं, कॉलेजचं नाव राहावं, इतकाच माझा विचार... मला त्यात काही वावगं वाटायचंच नाही.

एकदा त्या पिंजऱ्यांच्या रांगेसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. "सुधीर, हे सगळे उंदीर एकाच मापानं पाणी पिऊन राहिले का रे? एकही बाटली अर्धी नाही." प्राणीगृह सांभाळणारे बनवारी भैया खाली मान घालून उभे होते. ताई त्यांच्याकडे बघत होत्या. मी नोंदवहीत डोकं घातलं. त्या दिवसापासून त्यांनी बनवारीजींच्या हातचा चहा सोडला आणि मी तेही मुकाट्यानं बघितलं. फोन करणं त्यानंतर बंद केलं, पण आजवर मीच करत होतो हे सांगायला जीभ रेटली नाही. आज सांगू, उद्या सांगू... वर्षभरानं त्या अचानक पुन्हा चहा घ्यायला लागल्या. विसरल्या असतील, म्हणून मी सुटकेचा निःश्वास टाकला.

मग व्हिसाचं सुरू झालं. एकुलती एक लेक, सई, परदेशात, पहिलंच बाळंतपण. व्हिसाला किती दिवस लागतील ते संकेतस्थळावर लिहिलेलं असे. ताई दर सोमवारी त्या पानाची छापील प्रत काढून ठेवू लागल्या. एकदा सगळ्या प्रती त्यांनी जेवणाच्या टेबलावर माझ्यापुढे मांडल्या. "पाहिलं? माझी मुदत संपायला आली की हे मुदतच वाढवून देतात. म्हणजे उशीर झालाच नाही म्हणायला मोकळे!" चौकशी केली की एकच उत्तर, अर्ज विचाराधीन आहे. कोणाच्या विचारात आहे, ते कोणी सांगेना. तिकडच्या दूतावासाला लिहिलं, आपल्या परराष्ट्र खात्यालाही लिहिलं. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. बाळासाठी विणलेलं टोपरं तेवढं पूर्ण झालं होतं.

ताई गेल्यावर महिन्याभरानं मी त्यांच्या घरी गेलो असताना सईनं व्हिडिओ कॉल करून मला त्यांच्या कपाटातली व्हिसाची फाइल काढायला सांगितली. बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं. "काका, आईने किती कम्प्लेंट केल्या होत्या ना सरकारकडे... मतलब, म्हणून तर तिचा व्हिसा नाही ना अडकवला?" मलाही तोच संशय होता. सरकारी माणसं एकमेकांना सांभाळून घेतात, देश कुठलाही असो. काही पुरावा सापडतो का, म्हणून एकेक कागद उलटत गेलो. व्हिसाच्या कागदांखाली एका पत्राची प्रत निघाली. प्राण्यांवरच्या चाचण्यांवर देखरेख ठेवणाऱ्या, झालान्यातल्या सरकारी कार्यालयाला हिंदीत लिहिलेलं, पोचल्याचा शिक्का असलेलं, दोन वर्षांपूर्वीचं, म्हणजे ताई बनवारीजींचा चहा पुन्हा घ्यायला लागल्या त्याच सुमाराचं. तपासणीची खबर आधीच फुटत होती आणि ती समितीचे सचिवच देत असावेत, असं त्यात लिहिलं होतं. पुढे होतं, सचिव मला धाकट्या भावासारखे आहेत, त्यामुळे त्यांची चौकशी मी करणं योग्य नाही, दुसऱ्या कोणी करावी.

"काय आहे, काका?" सई विचारत होती. मी तिला ते वाचून दाखवलं. दोन वर्षं ही बाई दर रविवारी मला पोटभर वाढत होती, आणि कोणीतरी येऊन मला विचारेल म्हणून वाट बघत होती. कोणीही आलं नाही. मला फार रडू आलं.

गेल्या सोमवारी ती प्रत घेऊन मी झालान्याला गेलो. खिडकीतल्या बाबूनं पत्राचा क्रमांक बघितला, संगणकात डोकावला. "विचाराधीन है." मग त्यानं मला संशयानं न्याहाळलं. "आप कौन? मैडम के रिश्तेदार?"

"जी नहीं," मी म्हणालो. "शिकायत मेरे ही ख़िलाफ़ है. बयान देने आया हूँ."