आरामखुर्चीतलं मंत्रिमंडळ

राज्य नवं झालं, राजधानी रायपूरलाच आली, आणि सिंचन खात्यातल्या शामरावांना वाटलं, आता आपली बदली मंत्रालयात होणार. ती काही झाली नाही. तेव्हा शामरावांनी मंत्रालयच ब्राह्मणपाऱ्यातल्या आपल्या घरी आणलं. रविवारी दुपारी जेवण झालं की ते आरामखुर्चीत बसत, पेपरातला सरकारचा एकेक निर्णय मोठ्यानं वाचत आणि पटला की खुर्चीच्या हातावर दोनदा टकटक करून म्हणत, "मंजूर!" पत्नी कमलाबाई समोर लसूण सोलत असत. त्या विरोधी पक्ष. विरोधी पक्षाचं कुणी ऐकत नसतं, हे त्यांना लग्नापासूनच ठाऊक होतं.

शामराव निवृत्त झाले आणि मंत्रिमंडळ रोज भरू लागलं. पुढे वय झालं, वाचता वाचता डोळा लागू लागला, पण कामकाज थांबलं नाही. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास खोलीत पसरला की एकेक मंत्री येऊ लागे. केव्हाच वारलेले हेडक्लार्क शिक्षणमंत्री होऊन येत, चपला बाहेर काढून. भिंतींवर तळ्याच्या पाण्यासारखा उजेड हलत राही. युद्ध म्हणजे तिथे एक मोठा नकाशा असे, आणि त्यावर लाल पेन्सिलीचे बाण आपोआप पुढे सरकत. कुणाला लागत नसे, कुणी ओरडत नसे. फार छान युद्ध होतं ते.

त्या उन्हाळ्यात पेपरात दोनच विषय होते. एक सीमेवरचा, दुसरा कमी मुलांच्या शाळा मोठ्या शाळांत मिसळण्याचा. शामरावांचं मत दोन्हींवर ठाम होतं. "एकदाचं घुसून मोकळे व्हा," हे सीमेबद्दल. "चार पोट्ट्यांसाठी अख्खी शाळा? पैसा काय झाडाले लागते?" हे शाळांबद्दल. टकटक, मंजूर. टकटक, मंजूर.

"अवो, आपला पराग अशाच शाळेत शिकवते नं," कमलाबाई म्हणाल्या.

"देश मोठा का पराग मोठा?" शामरावांनी विचारलं आणि डोळे मिटून घेतले.

पराग त्यांचा नातू. बीरगांवपलीकडच्या एका लहानशा शाळेत अतिथी शिक्षक होता, म्हणजे कायमचा नव्हे. शाळा मिसळली गेली आणि अतिथी घरी परतला. काही दिवस तो काम शोधत हिंडला. मग कळलं की फौजेतही मास्तर लागतात, जवानांना शिकवायला. वर्दी मात्र घालावी लागते, आणि पलटण जाईल तिथे जावं लागतं. त्याचे वडील अश्विन सिलतऱ्याच्या कारखान्यात होते, भिडस्त माणूस. ते एवढंच म्हणाले, "आबाजी हो म्हणतील तं जा."

आबाजींना, म्हणजे शामरावांना, पराग चांगला ओळखून होता. त्यानं दुपारच गाठली. कूलर घरघरत होता, पेपर शामरावांच्या छातीवर घसरला होता. पराग खुर्चीजवळ बसला आणि पेपरातली हिंदी बातमी वाचावी तसा म्हणाला, "फौज में मास्टर की भर्ती. पराग को जाने दिया जाए?"

स्वप्नात हेडक्लार्कांनी तोच प्रश्न मांडला. शामरावांची बोटं सवयीनं हलली. टकटक. "मंजूर." नकाशावरचा बाण पुढे सरकला. पण आज पहिल्यांदाच त्या बाणाच्या टोकाशी कुणीतरी उभं होतं. चेहरा नीट दिसेना. बोटांना खडू मात्र लागलेला होता. शामराव दचकून जागे झाले, तर पराग त्यांच्या पाया पडत होता.

"काहून पाया पडून राहिला बे?"

कमलाबाईंच्या हातातला लसूण तसाच राहिला. काय मंजूर झालं ते त्यांनीच सांगितलं.

शामरावांनी छातीवरचा पेपर बाजूला फेकला. "झोपीत होतो मी! झोपीतलं काय खरं असते? नामंजूर! मास्तर असला तरी वर्दीच ते. उद्या लढाई लागली तं..." भीती वाटत होती त्यांना. इतक्या वर्षांत युद्धाची अशी भीती त्यांना कधी वाटली नव्हती.

"आबाजी," पराग हळूच त्याच्या नेहमीच्या हिंदीत म्हणाला, "मेरे स्कूल का मंजूर किया, तब भी आप ऐसे ही सो रहे थे. नया स्कूल हाईवे के उस पार है. दो बच्चियों ने आना ही छोड़ दिया."

कमलाबाईंना आज बोलायला हवी तेवढी संधी होती. त्या लसणाची सालं गोळा करत राहिल्या.

मग शामराव सरळ बसले, चष्मा चढवला आणि परागकडे नीट पाहिलं. हात खुर्चीच्या हातावर गेला, पण बोटं वाजली नाहीत.

"जा," ते म्हणाले. "आता जागा आहो मी. जा. पन मले हे सोपं नाही जाऊन राहिलं, समजलं?"

"हव, आबाजी," पराग म्हणाला.

संध्याकाळी शेजारचे यशवंतराव नेहमीसारखे पेपर घेऊन ओट्यावर आले. "काय शामराव, आता थांबू नये. घुसलंच पाहिजे, नाही का?"

शामरावांनी वळून आत पाहिलं. पराग भरतीसाठी पळायच्या बुटांना नव्या नाड्या ओवत होता, आणि कमलाबाई जवळ बसून नुसत्या त्याच्या हातांकडे पाहत होत्या.

"थांबा जरा," शामराव म्हणाले. "घरी विचारून सांगतो."