दुसऱ्या साक्षीदाराची सही

"एक साक्षीदार कमी पडतोय हो," असं म्हणत रोज कोणीतरी त्या दुकानाची पायरी चढायचं.

दुकान नोंदणी कचेरीच्या बरोबर समोर. दहा फूट लांब, आठ फूट रुंद. आत एक संगणक, एक झेरॉक्स मशीन, प्लास्टिकखाली झाकलेला जुना टाइपरायटर, आणि काउंटरमागे उंच स्टुलावर दुकानाचे मालक. समोरच्या कचेरीत माणसं जय्यत तयारीने यायची. फोटो, ओळखपत्रं, मूळ कागद, त्यांच्या तीन-तीन प्रती. ऐन खिडकीपाशी पोहोचल्यावर त्यांच्या ध्यानात यायचं की साक्षीदार दोन लागतात आणि आपण एकट्या मेव्हण्यालाच घेऊन आलोय. मग रांगेतलं कोणीतरी बोट दाखवायचं. "त्या समोरच्यांकडे जा. ते करतात."

ते करायचे. कपाळावरचा चष्मा नाकावर आणायचे, आधी ओळखपत्राकडे बघायचे, मग माणसाकडे, आणि सही द्यायचे. सही कसली, रंगमंचावरचा प्रवेशच तो. पहिलं अक्षर ऐटीत आत यायचं, मधली अक्षरं त्याच्यामागे लगबगीने चालायची, आणि शेवटची रेघ अशी मागे वळायची की वाटावं, आता टाळी पडेल. बत्तीस वर्षांत या सहीसाठी त्यांनी कोणाकडून काही घेतलं नाही. लोक त्यांना साक्षीकाका म्हणू लागले. खरं नाव विजेच्या बिलावर तेवढं उरलं होतं.

"माझ्यापेक्षा तुमच्या सहीने जास्त घरं पाहिलीत," बायको म्हणायची. "एखाद दिवशी तीच घरी जेवायला येईल आणि तुम्ही बाहेर राहाल."

काका हसायचे. त्यांना ते आवडायचं. आपल्या एका रेघेने कोणाचं लग्न नोंदलं जातं, कोणाला भाड्याचं घर मिळतं, ही गोष्ट त्या आठ फुटांत बसलेल्या माणसाला फार मोठी वाटायची.

आणि मग एका मंगळवारी, मशीन तापायच्या आत, कोर्टाचा बेलीफ दारात उभा राहिला. आजवर लोक सही मागायला आले होते. हा केलेल्या सहीबद्दल विचारायला आला होता.

समन्स मास्तरांच्या मृत्युपत्राचं होतं. गणिताचे मास्तर, अर्ध्या गावाला ज्यांनी त्रैराशिक शिकवलं आणि काकांना तीनदा वर्गाबाहेर उभं केलं. वर्षापूर्वी ते गेले. मूलबाळ नव्हतं. घर, म्हणजे मागच्या दोन खोल्या आणि पुढचा एक गाळा, त्यांनी बायकोच्या भाचीच्या नावे लिहून ठेवलं होतं. ही भाची बारा वर्षांची असल्यापासून त्या घरात वाढलेली, आता चाळिशी ओलांडलेली. पुढच्या गाळ्यात तिचं इस्त्रीचं दुकान. मास्तर अंथरुणाला खिळले तेव्हा एका हाताने इस्त्री आणि दुसऱ्या हाताने त्यांची औषधं, असं तिने चार वर्षं केलं. पण तिचं मास्तरांशी रक्ताचं नातं नव्हतं. मृत्युपत्र टिकलं तर घर तिचं. ते पडलं तर सगळं मास्तरांच्या सख्ख्या पुतण्याचं, आणि इस्त्रीच्या टेबलासकट ती रस्त्यावर.

त्या मृत्युपत्रावर दोन साक्षीदार होते. पहिल्या, शेजारच्या डॉक्टरीणबाई. दुसरे काका.

दुपारी काका जेवायला घरी गेले आणि घास नुसता चिवडत बसले.

"अहो, झालं काय?"

"मी त्यांना सही करताना पाहिलं नाही."

बायकोने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "मग काय पाहिलंत?"

"अंथरूण धरायच्या आधीची गोष्ट. मास्तर काठी टेकत दुकानात आले. एकटेच. मशीनमध्ये कागद अडकला होता, चार गिऱ्हाइकं डोक्यावर उभी. आदल्या दिवशी मीच टाइप करून दिलेला कागद त्यांनी काउंटरवर ठेवला, तोवर त्यांची सही झालेली होती. तिच्यावर बोट ठेवून म्हणाले, 'ही माझी सही. सकाळी चहा घेताना केली, म्हणून शेवटाला जरा उतरलीय. आता तू तुझी कर, आणि वाचून कर.' मी म्हटलं, मास्तर, तुम्ही सांगून लिहून घेतलेलं मी काय तपासणार. आणि केली. ते समोर उभे राहून बघत होते. मग म्हणाले, 'अजूनही न वाचताच उत्तर लिहितोस.' आणि गेले."

"म्हणजे सही होताना पाहिली नाहीत."

"तेच तर म्हणतोय."

"आणि वर छापलेलं काय असतं?"

काकांना ते पाठ होतं. शेकडो वेळा त्यांनी स्वतःच ते टाइप केलं होतं. 'आमच्यासमक्ष सही केली.' आमच्यासमक्ष. बत्तीस वर्षांत त्या शब्दाकडे त्यांनी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी पुतण्या दुकानात आला. इस्त्रीचा कडक सदरा, बोलणं गोड. त्याने एका कागदाच्या दहा प्रती काढून घेतल्या, ज्यांची त्याला गरज नव्हती.

"काका, तब्येत बरी ना? कोर्टात फार वेळ उभं राहावं लागतं."

"बरी आहे."

"मला आपलं वाटलं, सांगून ठेवावं. खोटी साक्ष दिली तर तुरुंग असतो. तुम्हाला ठाऊक असेलच, तुमचा धंदाच तो." त्याने प्रती मोजून नीट जुळवल्या. "आणि एक सही खोटी निघाली की लोक बाकीच्याही काढून बघतात. किती असतील हो तुमच्या? हजार? दोन हजार?"

काकांनी सुट्टे पैसे त्याच्या हातावर ठेवले. दुसऱ्या हाताने त्यांनी काउंटरची कड घट्ट धरली होती. पुतण्याने ते पाहिलं आणि हसून निघून गेला.

साक्षीच्या आदल्या संध्याकाळी भाची आली. दुकान बंद करून थेट आलेली. अंगाला गरम कपड्याचा वास, उजव्या मनगटावर जुन्या चटक्याचा डाग. ती बसली नाही.

"काका, उद्या एवढंच म्हणायचं. पाहिलं."

काकांनी मशीनचं बटण बंद केलं.

"तुम्ही पाहिलं ना?"

"अगं, मास्तर आले होते. सही आधीच..."

"मला सगळं सांगू नका," ती घाईने म्हणाली. "मला कळून उपयोग नाही. मामांची सही खरी आहे ना?"

"शंभर टक्के."

"मृत्युपत्र त्यांनीच सांगून टाइप करून घेतलं ना?"

"मीच टाइप केलं. एक शब्द त्यांनी चारदा बदलायला लावला."

"मग खोटं काय त्यात? एक शब्द, काका. मी तुमचे आणि काकूंचे कपडे जन्मभर फुकट करून देईन, असलं काही म्हणत नाही. म्हणाले तर तुम्हीच मला हाकलून द्याल. पण मी चाळिशी ओलांडलीय आणि माझ्याकडे दुसरं घर नाही."

ती पायरी उतरून गेली. काका कितीतरी वेळ शटरची दोरी हातात धरून उभे होते. एक शब्द. खोटंही धड म्हणता येणार नाही असा. मास्तरांचीच इच्छा, मास्तरांचीच सही. नाही म्हटलं तर खरं बोलल्याचं पुण्य आपल्या पदरात, आणि तिची इस्त्री फुटपाथवर. असल्या पुण्याचं करायचं काय?

घरी बायकोने विचारलं, "काय म्हणणार?"

"माहीत नाही."

"बरं," ती म्हणाली. "पांढरा शर्ट काढून ठेवलाय. काहीही म्हणालात तरी तोच घाला."

कोर्टाच्या व्हरांड्यात भाचीची वकील त्यांना दोन मिनिटांसाठी भेटली. तरुण मुलगी, काखेत फाइल्सचा ढीग. "काका, सही तुमचीच ना? पाहिलंत ना सही करताना?" काकांनी तोंड उघडलं आणि तिचा फोन वाजला. तिने हातानेच 'झालं, झालं' अशी खूण केली आणि ती आत गेली. पाठोपाठ काकांचं नाव पुकारलं गेलं. विजेच्या बिलावरचं नाव. ते आपलंच आहे हे ध्यानात यायला त्यांना एक क्षण लागला.

साक्षीदाराचा पिंजरा म्हणजे विंग नसलेला रंगमंच. चुकलं तर आत पळायला जागा नाही, आणि कुजबुजून पुढचं वाक्य सांगणारा कोणी नाही. समोर न्यायाधीशबाई, खाली टाइपिस्ट, डावीकडे पुतण्या पायावर पाय टाकून. उजवीकडे भाची. तिने दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट अडकवले होते.

शपथ झाली. वकील मुलीने मृत्युपत्र पुढे केलं.

"दुसऱ्या साक्षीदाराची सही तुमची?"

"हो, माझी."

"मास्तरांना यावर सही करताना तुम्ही पाहिलं?"

टाइपिस्टची बोटं पुढच्या शब्दासाठी कीबोर्डवर टेकून राहिली होती. काकांनी भाचीकडे पाहिलं. पाहायला नको होतं. तिचे ओठ हलले नाहीत, पण सगळा चेहरा तो एक शब्द म्हणत होता.

"नाही," काका म्हणाले.

वकील मुलगी जागच्या जागी थिजली. तिने प्रश्न पुन्हा विचारला, जरा मोठ्याने, जणू काका कमी ऐकतात.

"नाही, बाई. सही झालेली होती. मी होताना पाहिली नाही."

भाचीने मान खाली घातली. पुतण्याने पाय खाली घेतला आणि तो पुढे सरकला. त्याच्या वकिलांचं मात्र काहीतरी वेगळंच झालं. ते घसा खाकरत उठायच्या बेतात होते, हातात आधीच्या एका साक्षीची प्रत, बोट एका ओळीवर. ते बोट त्यांनी हळूच काढून घेतलं.

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "पाहिली नाहीत, तर खाली सही कशी केलीत?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. काकांनी सगळं सांगितलं, बायकोला सांगितलं होतं तसंच. मशीनमध्ये अडकलेला कागद, काठी, काउंटर, मास्तरांचं बोट. सकाळी चहा घेताना केलेली सही, शेवटाला उतरलेली. अजूनही न वाचताच उत्तर लिहितोस, हेसुद्धा. मागच्या बाकावर कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"थांबा," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "त्यांनी सहीवर बोट ठेवून 'ही माझी सही' असं तुम्हाला स्वतः सांगितलं?"

"हो."

"आणि तुम्ही सही केलीत तेव्हा ते समोर उभे होते?"

"काउंटरच्या पलीकडे. एवढ्यावर." काकांनी हात लांब करून दाखवला.

बाईंनी ते शब्द न् शब्द टाइपिस्टला सांगितलं. खोलीत फक्त टाइपिंगचा आवाज. मग त्या दुसऱ्या वकिलांकडे वळल्या. "उलटतपासणी?"

वकील उठले. "ही गोष्ट तुम्हाला आज सुचली, नाही का? मृत्युपत्र वाचवायला?"

"सुचलं असतं तर पहिल्याच प्रश्नाला हो म्हणालो असतो," काका म्हणाले. "तेच तर सगळ्यांना हवं होतं."

वकिलांनी आणखी सात-आठ प्रश्न विचारले. तारीख, वेळ, गिऱ्हाइकं कोण होती, वाचल्याशिवाय आणखी किती कागदांवर सह्या केल्यात. या शेवटच्या प्रश्नाला काकांच्या मानेवरून घाम ओघळला. "पुष्कळ," ते म्हणाले. "ती माझी चूक आहे." पांढरा शर्ट पाठीला चिकटला होता.

बाहेर व्हरांड्यात वकील मुलगी धावतच आली. फाइल्स बाकावर टाकून तिने भाचीचा हात धरला. "अहो, सही होताना बघायलाच लागते असं नाही. करणाऱ्याने साक्षीदाराला तोंडाने सांगितलं की ही सही माझी, तरी कायद्याला पुरतं. हे मीच यांना आधी विचारायला हवं होतं. माझी चूक." मग ती काकांकडे वळली आणि तिचा आवाज उतरला. "आणि तुम्ही हो म्हणाला असतात ना, तर आज संपलं होतं. डॉक्टरीणबाईंनी आधीच्या तारखेला सांगितलंय की सही घरी झाली, चहाच्या टेबलावर, आणि तिथे त्या आणि मास्तर सोडून कोणी नव्हतं. ती ओळ माझ्या नजरेतून सुटली होती, समोरचे वकील मात्र ती काढूनच बसले होते. तुम्ही खोटे ठरला असतात आणि तुमच्यामागोमाग कागदही."

भाचीने ऐकून घेतलं. काकांकडे न बघता तिने पिशवी उचलली आणि ती जिना उतरून गेली.

निकालाला पंधरा दिवस होते. त्या पंधरा दिवसांत काकांनी एकाही कागदावर सही केली नाही. लोक पायरीवरून परत गेले, काही चिडले. "काका, तुम्हीसुद्धा?" काका मशीनचं झाकण उघडत आणि बंद करत. पुतण्या रोज एकदा दुकानावरून जायचा आणि आत बघायचा.

सोळाव्या दिवशी दुपारी भाची आली. मृत्युपत्र टिकलं होतं. घर तिचं झालं होतं. तिने ते असं सांगितलं, जसं एखादीने सांगावं की बाहेर ऊन आहे.

काका स्टुलावरून उतरले. 

"एक विचारते," ती म्हणाली. "तुम्ही 'नाही' म्हणालात, तेव्हा ते चहाचं, बोटाचं काही उपयोगाचं आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?"

हो म्हणता आलं असतं. किती सोपं होतं. ती पाया पडली असती.

"नाही," काका म्हणाले. "मला वाटलं, तुझं घर गेलं."

"आणि तरी म्हणालात."

"म्हणालो."

ती काउंटरच्या पलीकडे उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिली. डोळे भरले होते, पण जबडा घट्ट होता. रस्त्यावरून कोणीतरी कागद हलवत येत होतं, त्याला तिने हाताने थांबायची खूण केली.

"तुमच्यामुळे घर राहिलं, हे मला कळतं, काका. पण त्या दोन मिनिटांत तुम्ही मला रस्त्यावर उभं केलं होतंत. तेव्हा मी तुमच्याशी किती दिवस बोलायचं नाही, ते मला ठरवू दे."

"ठरव," काका म्हणाले. "घाई करू नकोस."