शिसेवाले मामा आणि बाहेरचा बाक

शिसेवाले मामा पेशंटच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी त्याच्यामागे किती जण आलेत ते मोजायचे. आमच्या भिवंडीत एक्स-रेला फोटो म्हणतात, आणि फोटोला अख्खं घर जातं. मामा एक्स-रेच्या खोलीचं दार अडवून उभे राहायचे. "फोटो एकाचा. बाकी बरात बाहर." बाहेर लाकडी बाक होता. लूमवाले शेठसुद्धा त्यावर मुकाट बसायचे.

पेशंटला ते शिशाचं जड एप्रन घालायचे, सत्काराची शाल पांघरावी तसं, कडा सारख्या करत. हाताचा फोटो असला तरी पोटावर एप्रन. कुणी कुरकुरलं की म्हणायचे, "फोटो हाताचा हाय ना? मग पोटाला कशाला ताप?"

तेव्हा मी पन्नाशीच्या आतली. वडपे गावातल्या आमच्या जमिनीवर नुकतं गोदाम उभं राहिलेलं, त्यामुळे मान जरा वरच. सून जिन्यावरून घसरली, कंबर धरून बसली. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. फोटो काढायचा म्हणून मी कण्हणाऱ्या सुनेला शालू नेसवला, वर ठुशी घातली. एवढी मी हुशार. मामांनी आधी दागिने उतरवले, मग तिला विचारलं, पाळी कधी आली होती?

माझं डोकं फिरलं. परक्या पुरुषानं असलं विचारायची आमच्यात रीत न्हाय, असं मी ठणकावलं आणि वर तारीखही सांगून टाकली. साफ अंदाजानं.

"ताई, मी तुम्हाला इचारलं न्हाय," मामा म्हणाले. "बाकावर बसा."

मी बसले, तोंड बसलं नाही. मशीन बिघडलंय, माणूस कामचोर आहे, असं सगळ्या बाकाला ऐकवलं. आत सून मोकळेपणी बोलली, हे मला मागाहून कळलं. दहा दिवस वर गेले होते. घरात सांगायची सोय नव्हती, कारण मागे चारच दिवस वर गेले तेव्हा मी आमच्या अख्ख्या टेमघर गावात पेढे वाटले होते, आणि पाचव्या दिवशी तोंडघशी पडले होते.

मामांनी फोटो काढलाच नाही. चिठ्ठी डॉक्टरांकडे परत पाठवली. "कंबर थांबंल आठ दिवस. आधी तपासणी करा."

तपासणीत नात निघाली. ती जन्मल्यावर मी पेढे घेऊन गेले. मामांनी डबा हातात धरून विचारलं, "या वक्ताला कधी वाटले?"

"बारशाला."

"मग बाकाचा गुण आला," म्हणाले, आणि पेढा खाल्ला.

मामा निवृत्त होऊन गावी गेले. ते वारल्याचं आम्हाला फार उशिरा कळलं.

परवा नातीची कंबर धरली. एक्स-रेच्या खोलीत एका तरुण मुलीनं तिला तोच प्रश्न विचारला. नातीनं माझ्याकडे पाहिलं. तारीख माझ्या ओठावर आली होती, खोटं कशाला बोलू. पण मी काठी उचलली आणि कुणी सांगायच्या आत बाहेर जाऊन बसले.