मामाजींची मशीन

अख्ख्या चांद्यात, आणि तिथून पुढे पार सिरोंच्यापर्यंतच्या जंगलात, अख्ख्या पदार्थावर विश्वास नसलेला एकच माणूस होता, आणि ते नेमके माझे मामेसासरे होते. मी त्यांना सगळ्यांसारखं मामाजी म्हणत असे. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत. मी वर्ध्याकडून लग्न होऊन तिथे, त्यांच्याच घरात आले तेव्हा मामाजी जंगलखात्याच्या लाकूड डेपोतून नुकतेच निवृत्त झाले होते. उभा जन्म सागाचे ओंडके मोजण्यात आणि त्यांवर हातोडीने शिक्के मारण्यात गेलेला. इतकी वर्षं एवढ्या टणक वस्तूंशी संबंध आल्यामुळे म्हणा, निवृत्तीनंतर त्यांचं सगळं मन पातळ, मऊ, एकजीव अशा गोष्टींवर जडलं. भेदरं, म्हणजे टोमॅटो, दिसलं की ते त्याला भेदरं म्हणून बघतच नसत. "अजून झालं नाई" अशा नजरेने बघत. पेरू, गाजर, भिजवलेली डाळ, सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची जुडी, सगळं त्यांच्या लेखी अर्धवट होतं. ते पूर्ण व्हायला मशीनीत जावं लागे.

ही मशीन कशी आली ते सांगायला हवं. कागदाच्या कारखान्यात एक परदेशी इंजिनीयर होता. तो मायदेशी परत निघाला तेव्हा त्याचं सामान बघायला गाव लोटलं. कोणी पलंग नेला, कोणी कंदील. मामाजींनी स्वतःची सागवानी आरामखुर्ची डोक्यावर घेऊन साहेबाचा बंगला गाठला आणि खुर्चीच्या बदल्यात हे यंत्र आणलं. खाली मणभर वजनाचा चकचकीत डबा, वर जाड काचेचं उंच भांडं, भांड्याच्या तळाशी चार पात्यांचं फूल, आणि बाजूला एक खटका. मामीजींनी दारातच विचारलं, "काऊन आणलं हे? आपला पाटा मेला का?" मामाजी म्हणाले, "पाटा आहे तिथंच राहू दे. याची ताकद पाय." आणि ताकद दाखवायला त्यांनी उकळतं चिंचेचं सार काठोकाठ भरलं, झाकण नुसतं वर ठेवलं आणि खटका दाबला. सार सरळ आढ्याला गेलं. पुढे पाहुणा आला की मामाजी त्याला आढ्यावरचा डाग दाखवून समजावत, "गरम असंन तर अर्धंच भराचं. झाकणावर फडकं धराचं, आन् त्याच्यावर हात. हे मले त्या दिवशी समजलं." चूक लपवायची असते हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

चांद्यात वीज आली होती, पण ती आल्यासारखी वाटत नसे. मशीन सुरू झाली की घरातला दिवा एकदम पिवळा पडे आणि शेजारच्यांचा रेडिओ खरखरायला लागे. त्यावरून सगळ्या गल्लीला कळे की मामाजी वाटून राह्यले. मी नवी सून, हातात काम नसलं की त्यांच्या तावडीत सापडे. "सूनबाई, आयक. पाणी पहिले. मंग नरम. मंग टणक. उलटं केलं का पातं खाली फिरत राह्यते आन् माल वर बसून राह्यते." हे ते ज्या गांभीर्याने सांगत त्या गांभीर्याने लोक संध्या करतात. भांडं पाऊणच्या वर भरायचं नाही. एका दमात चालवायचं नाही, मध्ये थांबायचं, डब्याला हात लावून बघायचा. गरम लागला तर तिला विसावा द्यायचा. डोळ्यांनी बघायचं नाही, कानांनी ऐकायचं. ते स्वतः मान तिरकी करून, डोळे मिटून ऐकत. "घुर्र करून राह्यली, म्हणजे आत अजून कच्चं हाये. आता आयक, सूं झालं का बंद." आणि काम झाल्यावर रिठ्याचं कोमट पाणी घालून, खटका दाबून तिला तिच्याच हाताने आंघोळ घालत. धुण्याचा मान दुसऱ्या कोणाला नाही.

मामीजींचा आणि मशीनीचा मात्र उभा दावा. त्याचं टोक गाठलं गेलं ते सणाच्या वड्यांना. लाखोळीची डाळ मामाजींनी हट्टाने मशीनीत घातली आणि तिचा आवाज इतका गोड लागला की ते ऐकतच बसले. डाळीचं लोणी झालं. वडा तेलात सोडला की तो पसरे, फुटे आणि कढईच्या काठाला चिकटून बसे. मामीजींनी एक झाऱ्यावर उचलून त्यांच्यापुढे धरला. "हा वडा होय का कागद? कारखान्यात नेऊन द्या." मामाजींनी तो तुकडा उजेडात धरून बराच वेळ पाहिला. "मशीनीची चूक नाई," ते म्हणाले. "माही हाये. मले थांबता नाई आलं." दुसऱ्या दिवसापासून ते खटका दाबून लगेच सोडायला शिकले. दाबला, सोडला, दाबला, सोडला. डाळ भरड निघाली. मामीजींनी ती बोटांत चोळली आणि वडे थापले. त्यांच्या घरात याला तह म्हणत.

अशाच एका सकाळी भांडं धुताना, बोटं आत घालू नये हा स्वतःचाच नियम मोडून, मामाजींनी पात्यावर बोट कापून घेतलं. पट्टी बांधायला सरकारी दवाखान्यात गेले आणि दोन तासांनी परत आले ते वेगळेच होऊन. जेवले नाहीत. पाटावर बसून म्हणाले, "सूनबाई, तिथी एक माणूस उपाशी मरून राह्यला."

एटापल्लीच्या पलीकडच्या एका गावातला तो गोंड माणूस होता, मासू नावाचा. पहाटे मोहफुलं वेचायला गेला असता अस्वलाने तोंडावर पंजा मारला होता. दोन दिवस बैलगाडीतून आणि मग लाकडाच्या ट्रकमधून त्याला चांद्याला आणलेलं. जखम शिवली, पण जबडा दोन ठिकाणी मोडला होता, म्हणून डॉक्टरांनी वरचे खालचे दात तारेने एकत्र बांधून टाकले होते. दीड महिना तोंड उघडायचं नाही. तुटलेल्या दातांच्या फटीतून रबरी नळी घालून जे जाईल तेवढंच जायचं. दवाखान्यात दूध मिळे, पण त्याच्या लोकांना दुधाची सवय नाही. घेतलं की पोटात कळा येत. त्याची बायको उशाशी बसून भात बोटांनी कुस्करत होती आणि त्या फटीतून आत सारायचा प्रयत्न करत होती. मामाजींनी हे पाहिलं होतं. ती त्यांना म्हणाली होती, "दूध नाई. जावा पायजे, जावा." जावा म्हणजे त्यांच्याकडची पातळ पेज.

मामाजींनी त्याच दुपारी भात, तुरीचं वरण आणि पाणी मशीनीत घालून पेज केली आणि स्वतः घेऊन गेले. मी बरोबर होते. मासूने नळीतून दोन घोट घेतले, आणि तिसऱ्याला भाताची एक कणी घशात अडकली. खोकला आला, पण तोंड उघडता येईना. त्याचे डोळे बाहेर आले, मान निळी पडायला लागली. उशाशी तार कापायची पक्कड टांगलेली असे, ती घेऊन डॉक्टर धावत आले. पक्कड लावणार, इतक्यात कणी निघाली. डॉक्टर घामाने भिजले होते. "काय दिलंत तुम्ही याला?" ते ओरडले. "बांधलेल्या जबड्याचा माणूस खोकून मरेल, कळतं का तुम्हाला?" मामाजींनी मान खाली घातली. दोन दिवस मशीनीवर पंचा टाकलेला होता आणि गल्लीतले दिवे पिवळे पडले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मामीजी त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "बसून काय राह्यले? तांदूळ मी रातीच भिजू घातले. अगोदर पाट्यावर वाटू, मंग गरगट शिजवू, मंग तुमच्या मशीनीत घालू. आन् मंग माह्या जुन्या लुगड्यातून गाळू. कणी कशी जाते ते पायतो मी बी." मामाजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं लग्नातसुद्धा पाहिलं नसेल.

मग ते घर म्हणजे एक कारखाना झाला. पाट्यावरून पातेल्यात, पातेल्यातून मशीनीत, थांबून थांबून तीनदा, आणि मग लुगड्यातून. गाळून झालं की परीक्षा. मामाजी रबरी नळीचा तुकडा घेऊन दात घट्ट मिटून बसत आणि पेज ओढून बघत. जिभेला जरा काही लागलं की हाताने खूण, परत मशीनीत. मग तीच परीक्षा मी द्यायची. घुंगट घेतलेली नवी सून, दात मिटून, नळीने पेज पितेय, आणि सासरे समोर बसून विचारताहेत, "लागलं काही? खरं सांग." डॉक्टरांनी पहिल्या दिवशी डब्यातली पेज बोटांत चोळून, उजेडात धरून, नाकाशी नेऊन पाहिली आणि मग स्वतः पक्कड हातात घेऊन उभे राहिले. मासू प्यायला. अर्धा डबा प्यायला. खोकला नाही.

अडचण एकच राहिली. सकाळी दहाला धानाची गिरणी सुरू झाली की विजेचा जोर जाई आणि मशीन रडायला लागे. मामाजी थेट गिरणीवाल्या चाचांकडे गेले आणि अस्वलापासून लुगड्यापर्यंत सगळी हकीगत सांगितली. चाचांनी पट्ट्यावरचा हात काढला. "पहिले तुमचं होऊ द्या, भाऊ. हमारा धान कुठी पळून चाल्लं?" त्यानंतर दीड महिना चांद्यातली ती गिरणी अर्धा तास उशिरा सुरू होत असे. मामाजी गल्लीच्या तोंडाशी जाऊन हात हलवत, तेव्हा तिचा भोंगा वाजे.

तिसऱ्या आठवड्यात मासूने नळीवरून तोंड फिरवलं. दोन दिवस काही घेईना. पोट भरत होतं, पण जीव कंटाळला होता. रोज तेच पांढरं, तेच मऊ. त्याच्या बायकोने ओशाळत सांगितलं की त्याला वाळली मासोळी आणि अंबाडी हवी आहे. मामाजी तसेच घरी आले आणि ओसरीत उभे राहिले, कारण आत कसं सांगायचं? मामीजींच्या स्वयंपाकघरात कधी अंडंसुद्धा आलं नव्हतं. शेवटी मी सांगितलं. मामीजी तांदूळ निवडत होत्या. सूप हातात तसंच राहिलं. मामाजी दाराआडून म्हणाले, "नाई म्हटलं तरी चालन. मी काही बोलत नाई." मामीजींनी दोन खडे काढून टाकले. मग म्हणाल्या, "भांडं काचेचं हाये ना? काच धुतली का धुतली. पण ओसरीत वाटा. आन् मासोळी बाजारातून कोण आणन? तुमाले चांगली का वाईट समजते थोडीच. त्याच्या बाईले संग घेऊन जा."

तेव्हा वायर लांबवून मशीन ओसरीत आली. मासूची बायको जमिनीवर उकिडवी बसून मासोळ्या साफ करत होती, मामाजी नाकाला पंचा बांधून "पाणी पहिले" म्हणत होते, आणि गल्लीतली सगळी मांजरं भिंतीवर रांगेने बसली होती. मिरची तेवढी डॉक्टरांनी नाकारली, बाकी सगळं पडलं. परीक्षेला मामाजी नळी घेऊन बसले, क्षणभर थांबले, पंचा खाली केला आणि ओढलं. डोळ्यांत पाणी आलं, पण हाताने खूण केली: चालेल. माझ्याकडे नळी द्यायचं त्या दिवशी त्यांनी टाळलं. दवाखान्यात पहिला घोट गेला आणि मासूने डोळे मिटून घेतले. मग डाव्या हाताने त्याने मामाजींचं मनगट धरलं आणि डबा संपेपर्यंत सोडलं नाही.

तारा निघाल्या तेव्हा ज्येष्ठ लागला होता. जबडा जरा वाकडा बसला, पण बसला. आणखी थोडे दिवस ठेवून घेऊन डॉक्टरांनी त्याला गावी जायला सांगितलं. मोटार स्टँडवर आम्ही पोचवायला गेलो. मामाजींनी वाटेसाठी डबाभर पेज नेली होती. बायकोने ती आपल्या वाळल्या भोपळ्याच्या तुंब्यात ओतून घेतली आणि डबा धुऊन परत दिला. मासूने मात्र खिडकीखालच्या बाईकडून एक काकडी घेतली होती. ती त्याने डाव्या दाढेखाली धरली, थोडा थांबला, आणि चावली. कर्र. चघळली, गिळली. पुन्हा कर्र. मामाजी खिडकीला दोन्ही हात लावून त्याच्या जबड्याकडे बघत होते. "थांबून थांबून," ते म्हणाले. "एका दमात नको." मासूला हसू आलं, ते तोंडाच्या एकाच बाजूला उमटलं. "जोहार, मामाजी," तो म्हणाला. मामाजी हा शब्द त्याने माझ्याकडून उचलला असणार. मोटार सुटली, सिरोंच्याच्या रस्त्याला लागली, आणि धुरळा बसेपर्यंत आम्ही उभे होतो.

परत येताना चौकात मी घराकडे वळले, पण मामाजी सरळ निघाले होते, दवाखान्याच्या रस्त्याने, नेहमीच्या चालीने. मी हाक मारली, "मामाजी, घर इकडे आहे." ते थांबले. त्या रस्त्याकडे जरा पाहून म्हणाले, "हो, हो. पायाले सवय झाली." मग माझ्या बरोबरीने चालू लागले. हातातला रिकामा डबा पावलागणिक खडखडत होता. थोडं अंतर गेल्यावर त्यांनी तो वर घेतला आणि घरापर्यंत छातीशी धरून आणला.