पाटणकरांच्या व्हरांड्यातलं खोबरं

चंद्रकांत पाटणकर मूळचे रत्नागिरीचे. रेल्वेचे पूल तपासण्यात सगळी नोकरी गेली आणि निवृत्तीनंतर लखनऊलाच, महानगर नावाच्या वस्तीत घर करून राहिले. माणूस तसा साधा, पण खोबऱ्यावर भारी जीव. पोह्यांवर खोबरं, आमटीत खोबरं, अहो, वरणभातावरसुद्धा खोबरं. दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवला आणि डॉक्टरांनी सांगितलं, "नारियल बिलकुल बंद." पाटणकरांचा चेहरा असा काही उतरला, की त्यांच्या बायकोने, माणिकताईंनी, तिथल्या तिथे जाहीर केलं, "तुम्हाला नाही, तर मलाही नाही." ते ऐकून पाटणकरांना दवाखान्यातच रडू फुटलं. तेव्हापासून त्या घरात खोबऱ्याचा कण आला नव्हता.

आणि यंदा चैत्रात, भर दुपारी, व्हरांड्यात खोबऱ्याचा वास सुटला. साधासुधा नव्हे, वड्या थापताना सुटतो तसा.

पाटणकरांनी पेपर खाली ठेवला, दोनदा नाक वर केलं आणि आत डोकावून पाहिलं. माणिकताई सब्जी निवडत होत्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा वास, तिसऱ्या दिवशीही. वड्या गेल्या खड्ड्यात, पण माणिक आपल्याला फसवते? बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिच्या शब्दावर कधी शंका घेतली नव्हती.

तोंडावर विचारायची काय बिशाद. मग अंगात मुरलेला इंजिनियर जागा झाला. किती वाजता, कुठल्या खिडकीपाशी, वारा कुठून, सगळं वहीत टिपायला लागले. माणिकताई जवळच्या कपूरथला बाजारात गेल्या, की हे स्वयंपाकघरातले डबे उघडत. शेवया सापडल्या, मागच्या दिवाळीचा चिवडा सापडला, खोबरं काही सापडेना. त्यात माणिकताई हल्ली दुपारीही उदबत्ती लावायला लागल्या होत्या. पाटणकरांची खात्रीच पटली. जेवायच्या वेळी घरात नुसता भांड्यांचा आवाज.

आठव्या दिवशी मात्र वहीने भलतंच सांगितलं. ऊन तापलं की वास वाढतो, माणिकताई बाहेर असल्या तरी येतो, आणि सगळ्यात जास्त येतो कोपऱ्यातल्या कुंडीपाशी. ती कुंडी निवृत्तीच्या निरोपाला एका बंगाली सहकाऱ्याने दिलेली. देताना ऑर्किड म्हणाला होता, पण चार वर्षांत एक फूल नाही. माळी तर तिला सरळ "घास" म्हणायचा. पाटणकर गुडघे धरत खाली बसले आणि ती गवतासारखी पानं बाजूला केली. आत, अगदी बुंध्यापाशी, नखाएवढी गडद लाल फुलं दडून बसली होती. मधल्या पाकळीवर पिवळसर रंगात लाल ठिपके. नाक लावलं आणि आईने नुकताच नारळ खवला असावा असं वाटलं. बराच वेळ त्यांना उठावंसं वाटेना.

फोटो गेला संपदाला. ही त्यांच्या ओळखीतली, इथल्याच एका संस्थेत वनस्पतींवर काम करणारी मुलगी. तिचा लगेच फोन, "काका, नारियल की खुशबू आ रही है क्या?" हो म्हटल्यावर म्हणाली, "हाँ, मग मॅक्सिलारियाच. मेक्सिकोकडचं ऑर्किड आहे. पाणी जास्त घालू नका."

पाटणकरांनी बायकोला हाक मारली, शेजारी बसवलं, फूल हुंगायला लावलं. मग मान खाली घालून म्हणाले, "माणिक, माझं चुकलं. मला वाटलं, तू चोरून खोबरं खातेस."

"म्हणजे वास याचा होता होय," माणिकताईंनी सुस्कारा सोडला. "आणि मी इकडे हात घासून घासून दमले. दर शुक्रवारी शेजारच्या मंजिरीकडे दोनच वड्या खाते, तर वास आठवडाभर कसा चिकटून राहतो, मला कळेना." एवढं बोलून गेल्यावर त्यांनी जीभ चावली.

"दर शुक्रवारी? दोन वर्षं?"

माणिकताईंनी कुंडीकडे बघतच मान हलवली.

खरं तर पाटणकरांना राग यायला हवा होता. पण दोन वर्षं ही बाई घाईघाईने, चोरासारखी वड्या गिळत राहिली, एकीचीसुद्धा चव तिला धड लागली नसेल, याचंच त्यांना फार वाईट वाटलं.

"या शुक्रवारी वड्या इथे घेऊन ये," ते म्हणाले. "तू सावकाश खा. मी फूल हुंगतो."