फुगलेली बॅटरी मी कचऱ्यात टाकली

नवरा न्हावा शेवा बंदरात, कंटेनर यार्डात कामाला आहे. त्याच्या वॉकी-टॉकीची फुगलेली बॅटरी आज सकाळी मी कचऱ्यात टाकून दिली.

दहा वाजता त्याचा फोन आला. "ती बॅटरी यार्डात जमा करायचीय. जपून ठेव, आगीजवळ गेली तर फुटेल."

घरोघरचा कचरा नेणाऱ्या कमलमावशी आमच्या कोपऱ्यावर रोज तो पेटवतात. मी अनवाणीच धावले.

ढीग धुमसत होता. आमची पिशवी अजून मावशींच्या हातात होती. ती ओढून घेऊन मी बॅटरी बाहेर काढली, ती फुटेल म्हणून सांगितलं.

"एवढ्याशा डबीला काय घाबरता, ताई? आमी तर सगळंच जाळतो. काय नाय होत."

बॅटरी आता गॅलरीत, वाळूच्या कुंडीत आहे. पण मला चैन पडत नाहीये. आजवर मोबाइलच्या किती बॅटऱ्या मी अशाच टाकल्या, आणि दर वेळी त्या आगीपाशी मावशीच उभ्या होत्या.

तुमचा कचरा कोण पेटवतं, कधी पाहिलंय?