तिच्या हातची भाकर

शैला गेली त्या सकाळी मी फोन करत बसलो होतो. नातेवाईक, तिच्या शाळेतल्या जुन्या सहकारी, चर्चमधली घरं… प्रत्येकाला मी सांगत होतो की माझी बायको गेली, आणि पलीकडून प्रत्येक जण मलाच सांगत होता, "म्हणजे आमच्या पाळकबाई गेल्या." दुपारपर्यंत माझ्या लक्षात आलं की सांत्वनाला येणाऱ्यांतल्या निम्म्यांची समजूत मलाच घालावी लागणार आहे. तसंच झालं. मंडईतली आमची नेहमीची भाजीवाली पारूबाई, तिचा चर्चशी काडीचा संबंध नाही, ती गाळा बंद करून कबरस्तानात आली आणि थेट पुढे येऊन उभी राहिली. शैलाला ती 'फादरबाई' म्हणायची. शैलानं तिला कधी दुरुस्त केलं नाही. "मुद्दा पोचलाय ना तिला, मग झालं," म्हणायची.

शैला माझी बायको होती, आमच्या मराठी मंडळीची, म्हणजे आमच्या चर्चची, पाळक होती, आणि त्याआधी बरीच वर्षं गणिताची शिक्षिका होती. मी सरकारी कचेरीत नकाशे काढणारा माणूस. कमी बोलण्याबद्दल माझी ख्याती आहे. शैलाबद्दल मात्र आता बोललं पाहिजे, आणि बोलायचं तर सगळंच.

चाळिशी ओलांडल्यावर तिला पाचारण झालं. आमच्या लोकांत देवाच्या बोलावण्याला हा शब्द आहे. प्रवचनात तो इतक्यांदा कानावर पडतो की आपल्या घरात, आपल्या स्वयंपाकघरात तो कुणाला लागू होईल असं वाटत नाही. शैला भांडी विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, की शाळा सोडून धर्मविद्या शिकायला जावं असं गेलं वर्षभर तिला आतून सांगितलं जातंय, तिनं पुष्कळ टाळून पाहिलं, आता टाळवत नाही. मी म्हटलं, पेन्शनचं काय? पुणेरी माणसाला देवाच्या हाकेवर एवढंच सुचतं. ती वळली, हात पुसले आणि म्हणाली, "अहो, मी तुमची परवानगी मागत नाहीये. तुमचं मत विचारतेय. नको म्हणालात तर ऐकून घेईन. थांबेन असं नाही."

मी नको म्हणालो नाही. बरं, असंही म्हणालो नाही. चहा मागितला.

पुढची काही वर्षं आमच्या घरात कुकरच्या वरच्या फळीवर ग्रीक क्रियापदं चिकटवलेली असायची. मुलगी बारावीचा अभ्यास करायची, आई धर्मविद्येचा, आणि दोघी एकमेकींच्या परीक्षा घ्यायच्या. वर्गात तिच्याबरोबर बसणारी मुलं तिला मावशी म्हणत आणि तिच्याच वह्या मागून नेत. दीक्षेच्या दिवशी पांढरा झगा घालून ती गुडघ्यावर बसली, वडीलधाऱ्या पाळकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवले, तेव्हा मी दुसऱ्या रांगेत होतो. इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता. आणि त्याच क्षणी पोटात कुठेतरी एक गाठही पडली. त्या गाठीचं नाव मला पुढे पुष्कळ वर्षांनी कळलं.

आमच्या मंडळीत पाळकाच्या बायकोला पाळकीणबाई म्हणतात. पाळकबाईच्या नवऱ्याला काय म्हणायचं, हा प्रश्न आजवर कुणाला पडलाच नव्हता. तो आता सर्वांना पडला. महिला संघाच्या बैठकीत पाळकीणबाईंनी अध्यक्ष व्हायचं अशी रीत, तेव्हा एकीनं मला विचारलं, "मग यंदा अध्यक्ष आपण का?" दुसऱ्या कुणी विचारलं की घरी प्रवचन झाल्यावर दानपेटी फिरते का. मी हसायचो. हसायला मला जमतं, कारण त्यात बोलावं लागत नाही.

तिला मात्र असल्या गोष्टींना वेळच नव्हता. तिची प्रवचनं भूमितीच्या सिद्धतेसारखी असत, आखूड आणि पायरीपायरीनं जाणारी, आणि शेवटी सुटायला जागा नसे. मंडळीतली तरुण पोरं कामासाठी हिंजवडीकडे राहायला गेली आणि रविवारी दिसेनाशी झाली, तर तिनं त्यांना एका शब्दानं विचारलं नाही. दर गुरुवारी दोन बस बदलून ती स्वतः तिकडे जायची. पोरं कचेरीतून सुटली की एका वसतिगृहाच्या खाणावळीत, कोपऱ्यातल्या टेबलावर, प्रार्थना. मी म्हणायचो, त्या रहदारीत तुझं अर्धं आयुष्य जाईल. ती म्हणायची, "जाऊ दे की. जाताना रविवारचं प्रवचन होतं, येताना झोप होते. घरी तुम्ही दोन्ही होऊ देत नाही."

आणि साळवेकाका. मंडळीतले सर्वांत जुने सभासद, ऐंशीच्या पुढचे, ताठ कण्याचे. बाईनं प्रवचन करावं, आजाऱ्यांना भेटावं, इथपर्यंत त्यांची हरकत नव्हती. पण प्रभुभोजनाची भाकर बाईनं मोडून द्यावी हे त्यांच्या मते शास्त्रात बसत नव्हतं. महिन्यातून एका रविवारी प्रभुभोजन असतं, प्रभूच्या शेवटच्या जेवणाची आठवण. सगळे पुढे जाऊन कठड्यापाशी गुडघे टेकतात आणि पाळक एकेकाच्या तळहातावर भाकरीचा तुकडा ठेवत जातात, घेणारा आमेन म्हणतो. साळवेकाका तेव्हा आपल्या बाकावर बसून राहायचे, हाताची घडी घालून. शैला पाळक झाल्यावर त्यांनी ते तिला घरी बोलावून सांगितलं होतं. तिनं ऐकून घेतलं, "बरं, काका" म्हणाली, आणि त्यांची दृष्टी अधू झाली होती म्हणून जाता जाता त्यांना शास्त्रपाठ वाचून दाखवला. मग दर आठवड्याला वाचून दाखवायला जाऊ लागली. वर्षानुवर्षं. ना त्यांनी मत बदललं, ना तिनं जाणं सोडलं.

एकदा मी त्यांच्यावर चिडून बोललो. म्हटलं, म्हातारा तुझ्याकडून सेवा करून घेतो आणि चारचौघांत तुझा अपमान करतो. शैला कपड्यांच्या घड्या घालत होती. वर न बघता म्हणाली, "काकांचं कारण त्यांनी मला तोंडावर सांगितलंय. सगळेच सांगतात असं नाही."

तो टोला मला होता. कारण त्या वेळेपर्यंत मीही तिच्या हातून कधी भाकर घेतली नव्हती.

हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. प्रभुभोजनाच्या रविवारी गर्दी जास्त, म्हणून फाटकापाशी गाड्या लावून घ्यायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं होतं. लोक म्हणायचे, बायको आत सेवा करते, नवरा बाहेर, काय जोडी आहे. वार्षिक सभेत एकदा माझे आभारसुद्धा मानले. मी स्कूटरी सरळ करत उभा असायचो आणि आतलं गाणं संपलं की मान खाली घालून आत शिरायचो. शास्त्राची अडचण मला नव्हती. साळवेकाकांसारखा प्रामाणिक विरोधही माझ्याजवळ नव्हता. जी रोज सकाळी माझा डबा भरते तिच्यापुढे लोकांदेखत गुडघे टेकून हात पसरायचे, हे मला जमत नव्हतं. एवढंच होतं ते. तिच्या दीक्षेच्या दिवशी पोटात पडलेली गाठ ती हीच. देवानं तिला हाक मारली याचा मला अभिमान होता. पण तिच्या हातून मला काही घ्यावं लागेल, हे मी गृहीत धरलं नव्हतं.

मग तिचं दुखणं आलं. औषधोपचार चालू असताना चर्चच्या पंचकमिटीनं सुचवलं की सहा महिने दुसरे पाळक येतील, आपण विश्रांती घ्या. तिनं गुरुवारचं हिंजवडी सोडलं, साळवेकाकांकडचं वाचन फोनवर सुरू केलं, रविवार सोडला नाही. मी रागावलो, विनवलं, मुलीकडून बोलायला लावलं. ती म्हणाली, "जेव्हा उभं राहवणार नाही तेव्हा बसून करीन. बसवणार नाही तेव्हा तुम्हाला सांगेन."

अशाच एका प्रभुभोजनाच्या रविवारी मी नेहमीसारखा फाटकापाशी होतो. ध्वनिक्षेपकावरून तिचा आवाज येत होता. मधेच तो बारीक झाला, थांबला… पुन्हा सुरू झाला. एक जण गाडी कुठे लावू म्हणून विचारत होता. मी त्याला म्हटलं, लाव कुठेही. आणि आत गेलो.

साळवेकाकांच्या बाकावरून पुढे जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलेलं मला कळलं. कठड्याच्या शेवटच्या टोकाला जागा होती. गुडघे टेकले, हात पुढे केले. ती एकेकापुढे थांबत, तीच वाक्यं म्हणत येत होती. माझ्यापाशी आली. घरात जिनं मला कधी अहोजाहोशिवाय हाक मारली नाही ती इतरांना म्हणाली तसंच, त्याच आवाजात मला म्हणाली, "प्रभूचं शरीर, तुझ्यासाठी दिलेलं." तुकडा तळहातावर ठेवला आणि वळली. क्षणभर जास्त थांबली नाही, डोळ्यांत पाहिलं नाही, हसली नाही. मी तिचा नवरा आहे, कितीतरी वर्षांनी कठड्यापाशी आलोय, हे तिनं त्या जागी मोजलंच नाही. माझ्या वाट्याला सगळ्यांइतकंच आलं. तिचं पाचारण खरं आहे की नाही, हा प्रश्न मी चहा मागितला त्या दिवसापासून मनात धरून होतो. त्याचं उत्तर मला तिथं मिळालं.

संध्याकाळी ती पडून होती. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "अहो, सकाळी आमेन ऐकू नाही आलं तुमचं."

म्हटलं, आवाज फुटला नाही.

"पुढच्या वेळी म्हणा," असं म्हणून तिनं माझा हात बराच वेळ धरून ठेवला.

त्यानंतर तिच्या हातून आणखी काही वेळा मला भाकर मिळाली. शेवटी ती खुर्चीत बसून द्यायची आणि लोक एकेक करून तिच्यापुढे येत. आवाज माझा दर वेळी घशातच राहिला. दफनानंतर घरी आलेले साळवेकाका जाताना माझा खांदा धरून म्हणाले, "मी नाही घेतली. माझं मत आजही तेच आहे. तुम्ही घेतलीत, बरं केलंत." मग दारात थांबून म्हणाले, "वाचायच्या फार सुरेख."

आता एक तरुण पाळक आलेत. चांगले आहेत, जरा भरभर बोलतात. फाटकावर दुसरं कुणी उभं असतं. प्रभुभोजनाच्या रविवारी मी पहिल्याच खेपेला उठून कठड्याच्या त्या टोकाला जातो, हात पुढे करतो. पाळक म्हणायचं ते म्हणतात. आणि मी आमेन म्हणतो, वेदीपासून साळवेकाकांच्या बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.